आईवडिलांच्या घराची वाटणी करताना नाती कशी जपावीत

गावाकडे भावाभावांत वाद होतो तो शेताच्या बांधावरून. मुंबईत तो एका खोलीवरून होतो. चाळीतली दोनशे चौरस फुटांची खोली, पुनर्विकासाला गेलेल्या इमारतीत मिळणारा नवा फ्लॅट, सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर कोणाचे नाव चढणार हा प्रश्न आणि आईच्या मागे उरलेल्या चार बांगड्या, एवढ्या कारणांनी एका ताटात जेवलेली भावंडे पुढे वकिलामार्फत बोलू लागतात. आम्हा मराठी ख्रिस्ती कुटुंबांतही हेच घडते. रविवारच्या उपासनेत एकच गीत गाणारे दोन सख्खे भाऊ चर्चच्या दोन टोकांच्या बाकांवर बसलेले मी पाहिले आहेत, आणि त्या दोघांपैकी एक काही काळ मी स्वतः होतो.

पैशापेक्षा माणूस मोठा, हे आपल्याला लहानपणापासून पाठ असते आणि ते कोणी नाकारतही नाही. अडचण येते ती हे तत्त्व कोणत्या दिवशी, कोणत्या कागदावर आणि कोणत्या शब्दांत पाळायचे याची. पुढील सूचना त्या अडचणीसाठी आहेत. आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पंचांमध्ये काम करताना जे पाहिले आणि आमच्या घरात जे भोगले, त्यांतून त्या आल्या आहेत.

आरंभी सर्व भावंडांनी लूककृत शुभवर्तमानाचा बारावा अध्याय एकत्र बसून वाचावा. तेथे गर्दीतला एक मनुष्य प्रभू येशूला म्हणतो की, गुरुजी, माझ्या भावाला वतन माझ्याबरोबर वाटून घ्यायला सांगा. दोन हजार वर्षांपूर्वीची ही तक्रार आजच्या भायखळ्यात किंवा मुलुंडमध्ये जशीच्या तशी ऐकू येते. प्रभू त्या माणसाचा हिस्सा किती, हे सांगत नाही. मला तुमच्यावर न्यायाधीश किंवा वाटणी करणारा कोणी नेमले, असे विचारतो, लोभापासून जपायला सांगतो आणि मग कोठारे पाडून मोठी बांधायला निघालेल्या धनवानाचा दाखला देतो. त्या धनवानाचे बोलणे सावकाश वाचून पाहावे. माझे पीक, माझी कोठारे, माझे धान्य, माझा माल, असे तो बोलत राहतो आणि बोलतो तेही स्वतःच्याच जिवाशी. त्या संपूर्ण दाखल्यात त्याची बायको नाही, मूल नाही, भाऊ नाही, शेजारी नाही. वाटणीच्या प्रश्नाला प्रभूने दिलेले उत्तर म्हणजे हा एकटा माणूस आहे, असे मला वाटते, आणि म्हणून घरातल्या पहिल्या बैठकीत कायद्याचे पुस्तक उघडण्याआधी हा उतारा वाचला जावा असा माझा आग्रह आहे.

बैठक आईवडील हयात असतानाच घ्यावी

आईवडिलांसमोर घराचा विषय काढणे म्हणजे त्यांच्या मरणाची वाट पाहणे, अशी एक समजूत आपल्याकडे आहे. ती बाजूला ठेवावी. आईवडील समोर असताना भावंडे जेवढी सांभाळून बोलतात, तेवढी ती नंतर बोलत नाहीत. विषय मुलांनी काढण्याऐवजी आईवडिलांनीच काढला तर उत्तम. बैठक सणावाराच्या दिवशी ठेवू नये. नाताळच्या फराळात हा विषय मिसळला की फराळही कडू होतो. सगळ्यांना सोयीचा एखादा साधा रविवार धरावा, उपासनेनंतर जेवावे आणि मग बसावे. सुनांना आणि जावयांना स्वयंपाकघरात किंवा गॅलरीत ठेवून वाटणीचे बोलू नये, कारण बैठकीत जे बोलले जाते त्याचा अर्थ रात्री त्यांच्याशीच लावला जातो. तो त्यांनी प्रत्यक्ष ऐकलेला बरा.

प्रार्थनेने सुरुवात करावी, पण प्रार्थनेतून टोमणे मारू नयेत. 'प्रभो, आमच्यातल्या काहींची मने मऊ कर' अशी प्रार्थना मी ऐकलेली आहे, आणि त्या वाक्यानंतर ती बैठक संपल्यातच जमा होती.

बैठकीत पहिला प्रश्न घराचा घेऊ नये, आईवडिलांच्या सांभाळाचा घ्यावा. मुंबईत एक भावंड आईवडिलांजवळ राहते आणि बाकीची बदलापूरला, विरारला, पनवेलला पांगलेली असतात. जवळ राहणारे भावंड रात्री-अपरात्री रिक्षा शोधते, इस्पितळाच्या रांगेत बसते, अंथरुण बदलते. दूरचे भावंड महिन्यातून एकदा सफरचंदे घेऊन येते आणि आईला तेच अधिक प्रेमळ वाटते. ही विषमता उघड बोलली गेली पाहिजे. कोण किती वेळ देतो, कोण किती पैसे देतो, औषधांचा खर्च कोणाच्या खिशातून जातो, हे एका वहीत लिहावे आणि ती वही सगळ्यांना पाहता यावी. सांभाळ करणाऱ्याला त्याबद्दल काही अधिक मिळावे का, हे आईवडिलांनी तेथेच स्पष्ट सांगावे. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात प्रेषित पौल लिहितो की, जो स्वकीयांची, विशेषतः आपल्या घरच्यांची तरतूद करत नाही, त्याने विश्वास नाकारला आहे. तेव्हा खर्चाची वही मांडणे हे अध्यात्माला कमीपणा आणणारे काम मुळीच नाही. मंडळीला दान देतो म्हणून आईच्या औषधांना पैसे उरत नाहीत, असे म्हणणाऱ्यांनी मार्काच्या सातव्या अध्यायात 'कुर्बान', म्हणजे हे देवाला अर्पण केले आहे, असे म्हणून आईबापांचे देणे टाळणाऱ्यांना प्रभूने काय सुनावले, ते वाचावे.

कागद स्पष्ट ठेवावेत

प्रेम आहे तेथे कागद कशाला, असे म्हणणारी घरेच पुढे अधिक भांडतात. अस्पष्टतेत प्रत्येकाला आपल्याला हवा तो अर्थ दिसतो, आणि मग आई माझ्याजवळ असे म्हणाली होती, पप्पा माझ्याजवळ तसे म्हणाले होते, अशी मृतांची साक्ष सुरू होते. म्हणून काही मोजक्या गोष्टी सर्वांना ठाऊक असाव्यात.

मृत्युपत्र नसेल तर आपल्या ख्रिस्ती कुटुंबांना भारतीय वारसा अधिनियम, १९२५ लागू होतो. त्यानुसार पती किंवा पत्नी मागे असेल तर तिला किंवा त्याला एक तृतीयांश आणि उरलेले दोन तृतीयांश मुलामुलींना सारखे मिळतात. जोडीदार हयात नसेल तर सर्व काही मुलामुलींत सारखे वाटले जाते. एखादे भावंड आधीच वारले असेल तर त्याचा हिस्सा त्याच्या मुलांकडे जातो. वारलेल्या भावाची बायको आणि मुले बैठकीत बोलावली जात नाहीत, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे, आणि विधवा व पोरके यांच्याविषयी पवित्र शास्त्र किती वेळा बोलते हे माहीत असणाऱ्या लोकांकडून ते घडते.

आईवडिलांना वेगळी वाटणी हवी असेल तर त्यांनी मृत्युपत्र करावे. ते साध्या कागदावर होते, त्याला मुद्रांक लागत नाही आणि नोंदणीही सक्तीची नाही. मात्र त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात, आणि ज्याला काही मिळणार आहे त्याला किंवा त्याच्या जोडीदाराला साक्षीदार करू नये, नाहीतर त्याला दिलेली देणगी रद्द होते. मृत्युपत्रात काय लिहिले आहे आणि का लिहिले आहे, हे आईवडिलांनी मुलांना आधीच सांगून ठेवावे. कमी मिळाल्याचे दुःख माणूस गिळू शकतो. आपल्याला न सांगता कमी दिले गेले, हे गिळणे फार कठीण जाते.

सोसायटीत नॉमिनी म्हणून ज्याचे नाव आहे तो मालक झाला, असा समज सर्वत्र आहे. तो चुकीचा आहे. नॉमिनीने ते घर वारसांच्या वतीने सांभाळायचे असते. पागडीच्या, म्हणजे एकरकमी पैसे देऊन भाड्याने घेतलेल्या खोलीची गोष्ट वेगळी आहे, तिला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागतो आणि तिच्यासाठी वकिलाचा सल्ला घ्यावाच. आईवडिलांनी हयातीतच बक्षीसपत्राने घर मुलाच्या नावावर करायचे ठरवले, तर शेवटपर्यंत आपला सांभाळ करण्याची अट त्या पत्रातच लिहून घ्यावी. ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठी २००७ साली झालेल्या कायद्याच्या कलम २३ चा, म्हणजे सांभाळ न झाल्यास बक्षीसपत्र रद्द करून घेण्याचा, आधार अशा अटीमुळे भक्कम होतो. अट लिहून घेणे म्हणजे मुलावर अविश्वास दाखवणे, असे समजू नये. अट आहे म्हणून त्या मुलाची इतर भावंडेही निर्धास्त राहतात.

बहिणीकडून सही मागण्यापूर्वी

वर सांगितले त्याप्रमाणे कायद्याने मुलीचा हिस्सा मुलाइतकाच आहे. तरी घर भावांकडे राहावे म्हणून बहिणीला दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नेऊन तिच्याकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते आणि त्याला प्रेम, त्याग, ख्रिस्ती मनाचा मोठेपणा अशी नावे दिली जातात. हे मला अगदी चुकीचे वाटते. ज्याच्या हातात आधीच सारे आहे त्याने दुसऱ्याला त्यागाचा उपदेश करू नये. पवित्र शास्त्रातल्या गणना या पुस्तकाच्या २७ व्या अध्यायात सलाफहादाच्या पाच मुली मोशेपुढे, याजकापुढे आणि सर्व मंडळीपुढे उभ्या राहून बापाच्या वतनात हिस्सा मागतात, आणि त्या बोलतात ते योग्य आहे, असे परमेश्वर मोशेला सांगतो. मागणाऱ्या मुलींना तेथे कोणी लोभी म्हटलेले नाही. नाबोथानेही आपल्या वाडवडिलांचा मळा अहाब राजाला द्यायचे नाकारले, आणि त्या कथेत लोभ राजाचा आहे.

बहिणीला खरोखरच हिस्सा सोडायचा असेल तर तिने तो सोडावा. पण तिला आधी हिस्स्याची अंदाजे किंमत आकड्यात सांगावी, विचार करायला महिना-दोन महिने द्यावेत, आणि तिच्याशी एकटीशी बोलावे, सगळ्यांच्या देखत नव्हे. नोंदणी झालेले हक्कसोडपत्र सहजासहजी मागे घेता येत नाही. आमच्या ताईला असा कागद पुढे केला गेला तेव्हा मी त्या खोलीत होतो आणि गप्प बसलो. तिने त्या दिवशी सही केली नाही, पर्स उचलली आणि ठाण्याची गाडी पकडून निघून गेली. ती बरोबर होती, हे मला कळायला वेळ लागला.

कपाट उघडण्याचा दिवस

घराच्या वाटणीत निदान आकडे असतात. वस्तूंच्या वाटणीत आठवणी असतात, आणि म्हणून ती अधिक जपून करावी लागते. अंत्यविधीनंतर लगेच कपाट उघडू नये. सगळी भावंडे उपस्थित असल्याशिवाय एकही डबा घराबाहेर नेऊ नये, मग तो कितीही क्षुल्लक असो. दागिने सराफाकडून वजन करून घ्यावेत. बाकीच्या वस्तूंच्या बाबतीत कोणाला काय हवे हे विचारण्याऐवजी, कोणती वस्तू कोणाला काय आठवण देते हे विचारावे. आम्हाला याचा फार उपयोग झाला.

आमच्या आईची भांडी दोन गोणपाटांत बांधून माळ्यावर पडली होती. ती खाली काढली तेव्हा ताईने एकेक भांडे पदराने पुसून उजेडात धरले, कारण प्रत्येकावर नाव कोरलेले होते. पितळेच्या एका पातेल्यावर आईच्या माहेरचे आडनाव आणि लग्नाची तारीख होती. एका स्टीलच्या डब्यावर 'बाप्तिस्म्यानिमित्त' एवढेच अक्षर वाचता येत होते, पुढचे घासून गेले होते, आणि तो डबा तिघांपैकी कोणाच्या बाप्तिस्म्याचा यावर आम्ही अर्धा तास बोलत राहिलो. शेजारच्या मावशींनी दिलेल्या तांब्यावर त्यांच्या मुलाचे नाव होते, ती सगळी माणसे केव्हाच नालासोपाऱ्याला राहायला गेलेली. भंगारवाल्याने त्या दोन्ही गोणपाटांचे फार तर चार-पाच हजार रुपये दिले असते. पातेले ताईकडे गेले, कारण आई त्यात तिच्यासाठी बाळंतपणात खीर शिजवत असे, हे तिने सांगितल्यावर इतर कोणाला ते मागावेसे वाटले नाही.

काही सोडायची वेळ आली तर

सगळे हिशेब चोख करूनही शेवटी काही रक्कम, काही चौरस फूट असे उरतात की ज्यांवर दोन्ही बाजू अडून बसतात. तेथे उत्पत्तीच्या तेराव्या अध्यायातला अब्राम आठवावा. तो वडीलधारा होता, निवड करण्याचा पहिला मान त्याचा होता; तरी गुराख्यांची भांडणे वाढली तेव्हा तो पुतण्या लोटाला म्हणाला की, आपण भाऊबंद आहोत, आपल्यात तंटा नको, तू डावीकडे गेलास तर मी उजवीकडे जाईन. लोटाने यार्देनेचा पाण्याने भिजलेला सुपीक प्रदेश निवडला. लोक बहुधा येथेच वाचणे थांबवतात. पुढच्याच अध्यायात लोट शत्रूंच्या हाती सापडतो, आणि तेव्हा अब्राम आपल्या घरच्या ३१८ माणसांना घेऊन त्याला सोडवायला धावतो. सुपीक जमीन सोडली तेव्हा अब्रामाने लोटाला मनातून सोडले नव्हते, म्हणून तो धावू शकला.

यातून मी एक व्यवहारी कसोटी धरली आहे. जेवढे सोडल्यावर पुढे त्या भावंडाच्या घरी मोकळेपणाने जेवता येईल, तेवढेच सोडावे. त्याहून अधिक सोडले आणि मनात ते धरून बसले, तर पैसेही गेले आणि भाऊही गेला. सोडताना ते एकदाच, स्पष्ट शब्दांत सांगावे आणि पुन्हा कधी उच्चारू नये, बायकोमुलांजवळही नाही. अनेसिम या दासाबद्दल त्याचा मालक फिलेमोन याला लिहिताना पौल म्हणतो की, त्याचे काही देणे असेल तर ते माझ्या नावावर मांड, मी ते फेडीन. असे कोणीतरी मधे उभे राहून म्हणणारे असले की अडलेल्या पुष्कळ गाड्या सुटतात. आमच्या मंडळीतल्या एका कुटुंबात थोरल्या जावयाने हे केले होते.

नाते आधीच तुटले असेल तर

आमची इमारत पाडायला घेतली तेव्हा आई दादाकडे भाड्याच्या घरात राहू लागली आणि विकासकाकडून येणारे मासिक भाडे दादाच्या खात्यात जमा होऊ लागले. त्याचा हिशेब मी कधी विचारला नाही. मनातल्या मनात मात्र रोज करत राहिलो. एके दिवशी जिन्यात शब्द निघाले, तेही वहिनींच्या देखत. त्यानंतर दोन वर्षांनी आई गेली. शिवडीच्या कबरस्तानात आम्ही कबरेच्या दोन बाजूंना उभे होतो. मूठभर माती टाकताना आमची नजरानजर झाली, पण बोलणे झाले नाही, आणि त्यानंतर आणखी दोन वर्षे तशीच गेली.

मत्तयाच्या पाचव्या अध्यायात सांगितले आहे की, वेदीपाशी अर्पण नेताना भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे अशी आठवण झाली, तर अर्पण तेथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करायला जावे. येथे चूक कोणाची, हे विचारलेले नाही. ज्याला आठवण झाली त्याने निघायचे आहे. मी निघालो तो नाताळच्या आधीच्या शनिवारी, करंज्यांचा डबा घेऊन. दादाने दार उघडले, थोडा वेळ डब्याकडे पाहिले आणि विचारले, "जेवलास का?" जेवणानंतर त्याने कपाटातून रबर लावलेली एक छोटी वही काढून माझ्यापुढे ठेवली. महिन्यामागून महिना भाड्याची रक्कम आणि तिच्याखाली खर्च, आईची औषधे, फिजिओथेरपी, डायपर, रात्रीची बाई. शेवटच्या पानावर ५४० रुपये शिल्लक दाखवले होते. ती वही तो चार वर्षे मला दाखवण्यासाठीच लिहीत होता आणि मी ती कधी मागितली नव्हती.

अशा पहिल्या भेटीला जाताना कागदपत्रांची पिशवी नेऊ नये आणि पहिल्या दिवशी घराचा विषय काढू नये. मत्तय १८ मध्ये सांगितल्याप्रमाणे आधी एकट्याने, एकांतात जावे. ते साधले नाही तर दोघांना मान्य असलेल्या एक-दोन माणसांना बरोबर घ्यावे. पाळकांची मदत जरूर घ्यावी, पण त्यांना हिस्से ठरवायला सांगू नये, कारण जे काम प्रभूने स्वतःकडे घेतले नाही ते पाळकांवर टाकणे बरे नव्हे, आणि एका बाजूला निकाल दिला की दुसरी बाजू मंडळी सोडून जाते. हिस्स्यांसाठी वकील असावा आणि मनांसाठी पाळक. न्यायालयात प्रकरण चालू असेल तरी एकमेकांच्या आजारपणाला, लग्नाला, मातीला जाणे थांबवू नये. तारखेच्या दिवशी समोरासमोर आल्यावर विचारपूस करायला कोणताही कायदा आड येत नाही.

वाटणी पूर्ण झाल्यावर एक वस्तू मात्र मुद्दाम न वाटता ठेवावी, जी सगळ्यांची राहील. आमच्या घरी पप्पांचे पवित्र शास्त्र आहे. त्याच्या पहिल्या कोऱ्या पानांवर त्यांच्या बारीक अक्षरात जन्म, बाप्तिस्मे, लग्ने आणि मृत्यू तारखांसह लिहिलेले आहेत, आणि आईची नोंद दादाने त्याच पानावर केली आहे. ते दरवर्षी एका घरी राहते आणि नाताळच्या जेवणाला पुढच्या घरी जाते. यंदा ते ताईकडून आमच्याकडे यायचे आहे, आणि दादाच्या नातवाच्या बाप्तिस्म्याची तारीख त्यात लिहायची राहिली आहे.